सरोवराकाठी चार दिवस : काशीहून कुमाऊँपर्यंतच्या सहलीचे नियोजन

काशी आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगा घाटाच्या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. या कुटुंबांच्या दृष्टीने पूर्वी हिमालय म्हणजे बदरी-केदारची यात्रा. आजच्या पिढीला त्याच पर्वताच्या पायथ्याशी, एखाद्या तळ्याकाठी, लाकडी कॉटेजमध्ये चार दिवस निवांत घालवावेसे वाटतात. यात्रा असो वा सहल, ती सुखरूप पार पडते ती पूर्वतयारीच्या बळावर. या तयारीचा विचार येथे एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

स्थळ आणि काळ

वाराणसीकरांना सोयीचा तळ्यांचा प्रदेश म्हणजे उत्तराखंडातील नैनिताल जिल्हा. नैनितालची गर्दी टाळू इच्छिणाऱ्यांसाठी भीमताल, नौकुचियाताल आणि सातताल ही स्थळे जवळच आहेत. साततालच्या वनराईत अमेरिकन धर्मोपदेशक स्टॅन्ले जोन्स यांनी १९३० मध्ये आश्रम स्थापन केला. तळ्याकाठच्या साध्या निवासाची तेथील परंपरा तेव्हापासूनची. कुमाऊँ मंडल विकास निगमाची विश्रामगृहेही या परिसरात आहेत. प्रवास लखनौमार्गे काठगोदामपर्यंत रेल्वेने आणि पुढे भीमतालपर्यंत सुमारे वीस किलोमीटर मोटारीने होतो.

वाराणसीची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ८० मीटर, तर साततालची सुमारे १,३७० मीटर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजेच तेथे काशीपेक्षा साधारण आठ अंश कमी तापमान गृहीत धरावे आणि ऑक्टोबरातही गरम कपडे सोबत घ्यावेत. जुलै ते सप्टेंबर हे दरडी कोसळण्याचे दिवस असल्याने टाळलेले बरे.

खर्चाचा आराखडा

दुर्गाघाटावरील चौघांचे एक कुटुंब ऑक्टोबरच्या अखेरीस तीन रात्रींच्या मुक्कामासाठी जाणार आहे, असे समजावे. त्याचा अंदाज असा : रेल्वेभाडे ८,००० रुपये, स्थानिक मोटार ५,००० रुपये, निवास ९,००० रुपये, भोजन ४,००० रुपये आणि राखीव निधी ४,००० रुपये, एकूण ३०,००० रुपये. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्ष दर प्रत्येकाने चौकशी करून भरावेत.

यातील शेवटची रक्कम अनेकजण वगळतात. वस्तुतः तीच सर्वांत महत्त्वाची. ऑक्टोबर २०२१ चा अनुभव त्यासाठी पुरेसा आहे. पावसाळा सरला असे मानले जात असताना १८ व १९ ऑक्टोबरला कुमाऊँत अतिवृष्टी झाली. मुक्तेश्वर येथे चोवीस तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस पडला. तेथे १८९७ पासून ठेवल्या जाणाऱ्या नोंदींतील हा उच्चांक होता. नैनितालचे तळे रस्त्यावर आले आणि शहराचा संपर्क तुटला. अशा वेळी किमान एक जादा रात्र आणि एक दिवसाचे भोजन यांची तरतूद हाताशी असावीच लागते. वरील उदाहरणात निवासाचे ३,००० आणि भोजनाचे १,००० रुपये मिळून नेमकी ही गरज भागते. या निधीतील काही भाग रोख स्वरूपात ठेवावा. वीज आणि मोबाईलचे जाळे बंद पडल्यास कार्ड निरुपयोगी ठरते.

मुदतीचे गणित

दरमहा २,५०० रुपयांच्या आवर्ती ठेवीत बारा महिन्यांत ३०,००० रुपये मुद्दल जमते. व्याज ही दरवाढीसाठीची तरतूद. मात्र येथे एक चूक हमखास होते. सहल ऑक्टोबरात, म्हणून ठेवही ऑक्टोबरात परिपक्व व्हावी, असे ठरवले जाते. प्रत्यक्षात पैसे त्याआधीच लागतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. अर्थात २५ ऑक्टोबरच्या प्रवासाचे तिकीट ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात काढावे लागणार आणि निवासाची आगाऊ रक्कमही त्याच सुमारास भरावी लागणार. ठेव तेव्हा मुदतपूर्व मोडली, तर व्याजाचे नुकसान होते. क्रेडिट कार्डाचा आधार घेऊन देयक थकले, तर व्याजाचा भार वाढतो. म्हणून ठेव आदल्या वर्षीच्या ऑगस्टच्या मध्यास सुरू करावी, म्हणजे ती वेळेवर हाती येते. ठेवीची मुदत प्रवासाच्या तारखेवरून नव्हे, तर पहिल्या खर्चाच्या तारखेवरून ठरवावी. विवाह, शिक्षण वा गृहदुरुस्तीसाठीच्या बचतीलाही हाच नियम लागू पडतो.

आरक्षण करताना

नामांकित निवासस्थानांच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालवून आगाऊ रक्कम लाटण्याचे प्रकार घडतात. दूरध्वनी क्रमांक अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा. ‘परतावा देतो, पिन टाका’ असे कोणी सांगितल्यास ती फसवणूक समजावी. पैसे स्वीकारण्यासाठी पिनची गरज नसते. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे.

मुक्कामात

लाकडी खोलीतील सर्वांत मोठा धोका ऊब घेण्याच्या मोहात दडलेला असतो. दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटती ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक जोमाने बांधला जातो आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच शुद्ध हरपते. डोकेदुखी, मळमळ व चक्कर ही त्याची पूर्वचिन्हे. शेगडी खोलीत कधीही नेऊ नये. पांघरुणे आणि लोकरीचे कपडे यांवरच भिस्त ठेवावी.

उघड्यावर शेकोटी पेटवतानाही संयम हवा. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालच्या जंगलांत वणवा पसरला तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमताल तलावातूनच पाणी उचलून आग विझवण्यास साहाय्य केले. परवानगीविना शेकोटी नको, आणि पेटवलेली शेकोटी पाणी ओतून, राख थंड झाल्याची खात्री करूनच सोडावी. नौकाविहारात लहानथोर सर्वांनी तरणजाकीट घालावे. जंगलात बिबट्यांचा वावर असल्याने अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर पाठवू नये.

समारोप

निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा, निवासाचा पत्ता व परतीची तारीख घरच्या एका जबाबदार व्यक्तीस लिहून द्यावी. इशारा प्रतिकूल असेल तर बेत पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. तिकीट रद्द केल्याने होणारे नुकसान मर्यादित असते. तळे पुढल्या वर्षीही तेथेच असेल. ते पाहण्यास सारे कुटुंब सुखरूप असावे, यासाठीच हा सारा हिशेब.