फटफटी शिकणे

कळमेश्वरात घरोघरी आता फटफटी आली. पोरगा चार दिवस भावाच्या मागे बसतो. पाचव्या दिवशी स्वतःच चालवतो. "शिकलो ना!" म्हणतो. काय शिकला? क्लच, गियर अन् तोल. एवढ्याने टक्कर टळते का?

विद्वानांनी याचा शोध घेतला. २०१० साली निरनिराळ्या देशांतले २३ अभ्यास एकत्र तपासले. शिकवणीने अपघात घटतात, असे त्यांतून ठामपणे दिसले नाही. आम्हालाही नवल वाटले. नॉर्वे देशात १९८० च्या सुमारास निसरड्या रस्त्यावर मोटार सावरायला शिकवले, तर तरुण गड्यांचे अपघात उलट वाढले! हात बसला, की भीती जाते. भीती गेली, की वेग वाढतो.

मग शिकूच नये का? तसे नाही. ब्रेक तरी शिकावाच. पुष्कळ लोक नुसता पायाचा ब्रेक दाबतात. तो मागच्या चाकाचा. गाडी थांबवायचा खरा जोर पुढच्या चाकात असतो. दोन्ही ब्रेक बरोबर दाबावे. पुढचा हळूहळू वाढवावा. मोकळ्या मैदानात हे दहादा करून पाहावे.

आता वेगाचा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. काटोल रोडवर तिन्हीसांजेला पुढे बैलगाडी दिसली. डोळ्याने पाहून हात ब्रेकवर जाईतो एक सेकंद गेला. गाडीचा वेग अजून तसाच! वेग ३० असता, तर ८ मीटरच गेली असती. शिवाय ब्रेक लागल्यावर दुप्पट वेगाला थांबायला चौपट जागा लागते.

हेल्मेट टक्कर टाळत नाही, डोके वाचवते. नागपूरला जाताना पोलिसाच्या भीतीने ते घालतात. शेतावर जाताना मात्र खुंटीला टांगतात.