कार्ड संपतं, पीआर संपत नाही

कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, घेऊन भारतात परत गेलेल्या आणि तिथेच अडकलेल्या मंडळींचे मला बरेच फोन येतात. कुणाच्या वडिलांची बायपास झालेली असते, कुणाची नोकरी सुटत नसते, कुणी नुसतं ‘सॉफ्ट लँडिंग’ करून, म्हणजे पीआर पक्का करण्यापुरतं थोडे दिवस कॅनडात उतरून, परत आलेलं असतं. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच. “ताई, कार्ड संपलं, म्हणजे पीआर गेलाच ना?”

नाही गेला. कार्ड हा फक्त प्रवासाचा कागद आहे. पीआर जातो तो तुम्ही नागरिक झालात तर, स्वतः सही करून सोडून दिलात तर, किंवा तुमच्याविरुद्ध अधिकृत निर्णय होऊन अपिलाची वाटही संपली तर. असा निर्णय होईपर्यंत तुम्ही पीआरच असता. एवढं माहीत नसल्यामुळे घाबरून स्वतःहून पीआर सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

2002 पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांत किमान 730 दिवस कॅनडात राहावं लागतं. ते सलग नसले तरी चालतात. ज्या दिवशी तपासणी होते, त्या दिवसापासून मागची पाच वर्षं मोजतात. कॅनडाचा नागरिक असलेल्या नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर परदेशात काढलेले दिवसही धरले जातात. कॅनडातल्या कंपनीनं पूर्णवेळ कामासाठी बाहेर पाठवलं असेल, तर तेही धरतात. मात्र त्याच कंपनीच्या पुण्याच्या शाखेत तुम्ही परस्पर नोकरीला लागला असाल, तर त्या भरवशावर राहू नका.

माझे दिवस भरले नाहीत, कारण मिरजेला आईला अर्धांगवायूचा झटका आला. मी एकुलती एक. नवरा आणि मुलगी मिसिसागाला राहिले आणि मी आईजवळ राहिले. ती गेली त्यानंतरही घराची कागदपत्रं, वारसनोंद, बँक यांत बराच काळ गेला. पुण्यातल्या एका एजंटनं सरळ सांगितलं की आता सगळं सोडा, नव्यानं अर्ज करा. टोरांटोच्या एका वकीलबाईंनी मात्र वेगळाच सल्ला दिला. त्या म्हणाल्या, कार्डाची मुदत अजून आहे ना, मग ती संपायच्या आत विमानात बसा.

हा सल्ला लाखमोलाचा होता. कार्ड चालू असेल तर विमान कंपनी अडवत नाही आणि तुम्ही थेट कॅनडाच्या विमानतळावरच्या ऑफिसरसमोर उभे राहता. ओळख पटल्यावर पीआर असलेल्या माणसाला आत घ्यावंच लागतं, तो त्याचा कायद्यानं दिलेला हक्क आहे. दिवस कमी पडले म्हणून ऑफिसर फार तर तुमच्याविरुद्ध अहवाल लिहील. त्यावरून देश सोडण्याचा आदेश निघाला, तरी अपिलाचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला घरी राहता येतं. कार्ड संपलेलं असेल तर भारतातून ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी अर्ज करावा लागतो, आणि तिथे तुमचा निर्णय कागदांवरून, तुम्ही समोर नसताना होतो. अमेरिकेचा व्हिसा असलेले काही जण आधी तिकडे उतरून खासगी गाडीनं सीमेवर जातात. तोही मार्ग कायदेशीर आहे, पण दिवसांची विचारपूस तिथेही होतेच.

टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर मला बाजूच्या खोलीत बसवलं. ऑफिसर बाईंनी पासपोर्टचं एकेक पान उलटत शिक्क्यांच्या तारखा कागदावर उतरवल्या. “इतका काळ बाहेर का होता?” मी फाइल पुढे केली. दवाखान्याची डिस्चार्ज समरी, आईचा मृत्यूचा दाखला, फॅमिली डॉक्टरांचं मराठी पत्र आणि त्याचं अनुवादकाच्या प्रतिज्ञापत्रासह केलेलं इंग्रजी भाषांतर, मुलीच्या शाळेचं पत्र, मिसिसागाच्या घराचा भाडेकरार. त्यांचा हात सर्वांत जास्त वेळ थांबला तो शाळेच्या पत्रावर. कायद्यात मानवी कारणांचा विचार करायची मुभा आहे, आणि मुलाचं हित त्यात नावानिशी लिहिलेलं आहे. शेवटी त्यांनी अहवाल न लिहिता मला सोडलं, पण आता इथेच राहा असं बजावूनच.

प्रत्येकाला असं सोडतील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते, खोटं बोलू नका. तुम्ही कधी आलात आणि कधी गेलात याची नोंद सरकारकडे असते. दिवस कमी पडले हा एक मुद्दा झाला, त्याला उत्तर असू शकतं. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते.

आत आल्यावर बहुतेक जण घाई करतात. लगेच नव्या कार्डाचा अर्ज, नाहीतर आईवडिलांची स्पॉन्सरशिप. दोन्हींमुळे तुमचे दिवस पुन्हा मोजले जातात. दोन वर्षं देशाबाहेर पाऊल न टाकता राहिलं की 730 दिवस आपसूक भरतात, आणि मग निर्धास्तपणे अर्ज करता येतो. या काळात कार्डाची मुदत संपली तरी राहायला आणि नोकरी करायला कायद्याची आडकाठी नाही. सख्ख्या मावसभावाच्या लग्नाला मी गेले नाही. वाईट वाटलं, पण गेले असते तर परत येताना पुन्हा तीच खोली आणि तेच प्रश्न.

अपिलात काय बघतात हेही आधीच जाणून घ्या, कारण कागद गोळा करायचे ते त्याच हिशेबानं. किती दिवस कमी पडले, देश का सोडला, जमेल तेव्हा लगेच परतलात का, इथे घर, नोकरी, माणसं काय आहेत, आणि पीआर गेला तर कुणाचं किती नुकसान होईल. ‘जमेल तेव्हा लगेच’ यावर बरंच अवलंबून असतं. आई गेल्यानंतर तुम्ही आणखी दोन वर्षं का थांबलात, याचं उत्तर कागदावर असायला हवं. वारसनोंदीच्या तारखा, तलाठ्याकडचे अर्ज, बँकेची पत्रं, सगळं जपून ठेवा.

आणि नकाराचं पत्र हातात पडलं, तर रडण्याआधी त्यावरची तारीख बघा. ट्रॅव्हल डॉक्युमेंट नाकारलं असेल तर अपिलाला 60 दिवस मिळतात, कॅनडात आल्यावर आदेश निघाला असेल तर 30. मागच्या 365 दिवसांत एकदा जरी कॅनडात येऊन गेला असाल, तर अपील दाखल करून त्यासाठी परत येण्याचं डॉक्युमेंट मागता येतं. हे दिवस हातचे जाऊ देऊ नका, आणि वकिलाला विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.