आधी कोण गप्प आहे ते बघ

अगं, ते मेमरी कार्ड आधी बाजूला ठेव. सगळी सिस्टीम पुसून नव्याने टाकायची घाई नको. तुझ्यासारख्या लिनक्सवाल्या पाइनफोनवर नेटवर्कच्या दांड्या गेल्या की बहुतेकांचा हात पहिला तिकडेच जातो. अख्खी संध्याकाळ जाते आणि दांड्या काही परत येत नाहीत. कारण पुसलं जातं एक, आणि दुखणं असतं दुसरीकडेच.

तुझा फोन म्हणजे एकाच वाड्यातली दोन बिऱ्हाडं. एकात ऑलविनरच्या चिपवर तुझं लिनक्स नांदतं. दुसऱ्यात क्वेक्टेलचा ईजी२५-जी मोडेम, आणि त्याच्या पोटात क्वालकॉमचा स्वतंत्र प्रोसेसर, त्यावर त्याचं स्वतःचं वेगळं लिनक्स. दोघांचं बोलणं आतल्या आत यूएसबीवरून चालतं. तू सिस्टीम म्हणून मोबियन टाक नाहीतर पोस्टमार्केटओएस, मोडेम आपल्या जागी होता तसाच राहतो. त्यामुळे 'नेटवर्क नाही' एवढ्यावर थांबू नकोस. कोण गप्प आहे, ते शोध.

सुरुवात नखाने करायची. फोन बंद कर, मागचं झाकण काढ, बॅटरीही काढून ठेव. सहा चिमुकले स्विच दिसतील, त्यातला पहिला मोडेमचा. तो 'ऑन'कडे नसेल तर मोडेमला वीजच मिळत नाही. जीपीएसही त्याच्याच ताब्यात असल्यामुळे तेही जातं. मग सिम बघ. वरची खाच मेमरी कार्डाची, खालची सिमची, आणि ती मायक्रो सिमच्या मापाची. तुझं नॅनो असेल तर अडॅप्टर लागेल. पण रिकामा अडॅप्टर आत कधी सरकवू नकोस. आतल्या पिना त्यात अडकतात आणि ओढताना वाकतात. तसं झालं तर कुठलीही कमांड कामाची नाही.

आता फोन चालू कर आणि एक चहा टाक. मोडेमला उठायला वेळ लागतो, त्याआधी विचारलंस तर तो नाहीच असं वाटेल. नंतर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही कमांड चालव, ती यूएसबीवर कोण कोण आहे त्याची यादी देते. यादीत क्वेक्टेलचं नाव नसेल तर सेटिंग्ज चाळत बसू नकोस, मोडेम उठलेलाच नाही. त्याला उठवायचं काम ईजी२५-मॅनेजर नावाची सेवा करते. ती रिस्टार्ट कर, तिचा लॉग वाच.

नाव दिसलं, तर पुढचं मोडेममॅनेजर या सेवेला विचारायचं. त्याची एमएमसीएलआय ही कमांड मोडेमची अवस्था एका शब्दात सांगते, आणि तो शब्द लाखमोलाचा असतो. 'फेल्ड' आणि कारण 'सिम मिसिंग', तर पुन्हा खाचेकडे. 'लॉक्ड', तर सिमचा पिन हवाय. 'सर्चिंग'वरच अडकलाय, तर खिडकीपाशी जा, आणि तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतं का बघ. 'रजिस्टर्ड' आहे पण इंटरनेट नाही, तर मोडेमला दोष देऊ नकोस, एपीएन, म्हणजे सेटिंग्जमधलं कंपनीच्या इंटरनेटचं नाव, तपास. जिओला 'जिओनेट', एअरटेलला 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम'. बँड जुळत नसेल, ही शंका आपल्याकडे सहसा सोडून दे. जिओचे ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ हे तिन्ही फोर-जी बँड हा मोडेम धरतो. फाइव्ह-जी मात्र त्याच्यात मुळातच नाही.

डेटा झकास आणि कॉल लागत नाही, असं झालं तर सिम कुठलं ते बघ. एअरटेलवर फोर-जीवरून कॉल जमला नाही, तर मोडेम टू-जीवर उतरून बोलू शकतो. जिओचं टू-जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरून कॉल, नसेल तर कॉलच नाही. त्यासाठी मोडेममधलं आयएमएस, म्हणजे फोर-जी कॉलची सोय, चालू हवं आणि कंपनीला जुळणारं प्रोफाइल निवडलेलं हवं. हे एटी कमांडने, म्हणजे थेट मोडेमला दिलेल्या हुकुमाने, करायचं आणि मग मोडेम पुन्हा सुरू करायचा.

आणि दिवसा सगळं सुरळीत, पण खिशातून काढला की दांड्या गायब, असं असेल तर झोपेवर संशय घे. फोन झोपतो तेव्हा मोडेम जागा असतो, कॉल आला की त्याने फोनला उठवायचं असतं. उठल्यावर यूएसबीची ओळख कधीकधी नव्याने करावी लागते, तेवढ्यात कॉल हुकतो. एक रात्र चार्जरला लावून आपोआप झोपणं बंद ठेव. सकाळी दांड्या जागेवर असतील, तर चोर सापडला.

आता ताई म्हणून दोन गोष्टी दटावून सांगते. कुणीतरी लिहिलेली एटी कमांड न वाचता चिकटवू नकोस. त्यातल्या एखादीने आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बदलतो, आणि तो बदलणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. मोडेमचं फर्मवेअर बदलायचं असेल तेव्हाही आधी चालू आवृत्ती वहीत लिहून ठेव आणि बॅटरी भरलेली असू दे.

दुसरं, बँकेचे ओटीपी ज्या नंबरवर येतात, तो या फोनमध्ये घालू नकोस. शिकायला दुसरं स्वस्त सिम घे. रात्री एकटी प्रवासाला निघालीस तर साधा फोनही बरोबर ठेव. ११२ लावायची वेळ आली तर लॉग वाचायला सवड नसते. हा फोन तुझा हट्ट आहे आणि मला तो आवडतो, मनासारखा खोल, जोड, बिघडव. पण आईला तुझा आवाज रोज ऐकू यायला हवा, त्याची जबाबदारी त्या मोडेमवर टाकू नकोस.