आमेरसमोरची टेकडी

जयपूरहून दिल्लीकडे जाणारा रस्ता जलमहालाजवळून अरवलीच्या डोंगरांत शिरतो आणि आमेरला पोहोचतो. उन्हाळ्यात करड्या, उजाड दिसणाऱ्या येथील टेकड्या पावसाच्या चार सरींनी गवताने झाकून जातात. आमेर किल्ल्यासमोरच्या टेकडीवर जुना टेहळणी बुरूज आहे. चढ थोडाच असल्याने पावसाळी संध्याकाळी लोक हौसेने वर जातात.

11 जुलै 2021 रोजी, रविवारी, असेच अनेक जण वर गेले होते. पावसात बुरुजावर वीज कोसळली आणि किमान अकरा जणांचा मृत्यू झाला. त्यांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे. पण हिरवा माथा पाहून कोणाला मोह होत नाही?

उंच व एकाकी उभ्या वस्तूवर वीज पडण्याचा संभव अधिक असतो. अशा बुरुजाचा किंवा झाडाचा आडोसा पाऊस अडवतो, वीज नव्हे. ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून वीज चमकताच सेकंद मोजावेत. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे. अशा वेळी माथा चार पावलांवर असला तरी मागे फिरावे, पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.