भुरी, केवडा आणि एका मुलाचा प्रश्न



आमची शाळा द्राक्षपट्ट्यातली. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की वर्गातली निम्मी मुलं जांभया देतात, कारण घरी पहाटेपासून फवारणी चाललेली असते. अशाच एका दिवशी मी फळ्यावर लिहिलं, "भुरी व केवडा हे बुरशीजन्य रोग आहेत." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, दोन्ही बुरशीच, मग औषधं वेगळी कशाला?"

मला उत्तर येत नव्हतं. उद्या सांगते म्हटलं आणि घरी जाऊन वाचत बसले.

चूक माझीच होती. केवडा, म्हणजे बागायतदार ज्याला डाऊनी म्हणतात, तो खऱ्या अर्थाने बुरशी नाहीच. हा जीव तपकिरी शैवालाच्या जवळचा. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत पानाच्या छिद्रापर्यंत जातात, म्हणून पान ओलं राहिलं की तो पसरतो. पानावर वरून तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी लव दिसते. भुरी मात्र खरी बुरशी. तिला पानावर पाणी लागत नाही, ढगाळ दमट हवा पुरते. राख शिंपडल्यासारखी दिसते. मुलांना दोन्ही पानं दाखवा, पण फवारलेल्या बागेतली नकोत हं.

हे दोन्ही रोग मूळचे उत्तर अमेरिकेचे. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये एका माळ्याला भुरी दिसली, मग ती फ्रान्समध्ये पोचली. पुढे फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, म्हणून किडीला दाद न देणारे अमेरिकन वेल मागवले. १८७८ च्या सुमारास केवडाही तिथे दिसू लागला. एका संकटावरचा उपाय आणताना दुसरं संकट आलं! त्यावरचं औषध बोर्दो भागात सापडलं. रस्त्याकडेची द्राक्षं लोक तोडून खात, म्हणून मालक वेलांवर मोरचूद आणि चुना फासत. त्या वेलांना रोग कमी आहे हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. १८८५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. आपल्याकडचं 'बोर्डो' ते हेच.

पण औषध किती वर्षं मारणार? फ्रान्समध्ये अलँ बुके यांनी १९७४ पासून दुसरा रस्ता धरला. अमेरिकेतल्या मस्कॅडाइन या रानटी वेलाला हे रोग सहसा होत नाहीत. पण त्याची गुणसूत्रं ४० आणि आपल्या द्राक्षाची ३८, त्यामुळे संकर बहुधा वांझ निघतो. अमेरिकेत जमलेल्या एका संकरातून त्यांनी पिढ्यानपिढ्या पुन्हा पुन्हा द्राक्षाशीच संकर केला. जर्मनीत तयार झालेल्या रेजंट जातीत केवड्याला अडवणारा आणखी एक गुण होता. फ्रान्स आणि जर्मनीच्या संशोधकांनी दोन्हीकडचे गुण एकत्र आणले. २०१८ मध्ये आर्ताबान, फ्लोरेआल अशा चार जातींची फ्रान्समध्ये नोंद झाली. एकाच गुणावर विसंबून चालत नाही, कारण युरोपात त्याला पुरून उरणारा केवडा आधीच सापडला आहे. हे गुण वेलाच्या गुणसूत्रांवर नेमके कुठे आहेत ते शोधायला, फ्रान्स आणि इटलीने मिळून २००७ मध्ये मांडलेला द्राक्षाचा जनुकीय नकाशा उपयोगी पडतो.

दुसऱ्या दिवशी हे सगळं वर्गात सांगितलं. त्याच मुलाने विचारलं, "मग आपल्या थॉमसनमध्ये का नाही घालत?"

त्याला सांगितलं, त्या जाती वाइनच्या आहेत. आपल्याला बी नसलेली, गोड, करकरीत, परदेशी जाईपर्यंत टिकणारी द्राक्षं लागतात. बी पेरून वेलाला फळ यायलाच दोन-तीन वर्षं जातात आणि अशा कितीतरी पिढ्या लागतात. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथेही नव्या जातींवर काम चालतं.

त्याने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे वीसेक वर्षं. तोवर मी पप्पांएवढा होईन, बाई. आज दुपारी लवकर सोडाल का? आभाळ आलंय."