नर्सिंगचं पहिलं वर्ष: कोण मागे पडतं आणि का

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. ॲनाटॉमीत विषय राहिला, आता वर्ष वाया गेलं का? तिच्या रूममधली एक जण सगळं सोडून घरी गेली, आमचीही तसंच करेल का? आणि मागोमाग, जरा चढ्या आवाजात, 'मनापासून करायचंच नव्हतं तर आधी सांगायचं ना!' या शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. विषय राहिला म्हणजे मुलीला आच नाही, असं धरून घरात बोलणी सुरू झाली की सहज सावरली असती अशी मुलगीही खचते.

पहिल्या सेमिस्टरला काय अंगावर येतं ते बघा. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन. पोस्टिंग सुरू झालं की सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री केअर प्लॅन आणि जर्नल. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजातून आलेल्या मुलीनं बारावी सायन्स केलेलं असतं, पण तिथलं शिकवणं निम्मं मराठीतून झालेलं असतं. हृदयाचे कप्पे, झडपा, रक्ताचा रस्ता तोंडी विचारा, ती चोख सांगते. तेच इंग्रजीत दीड पान लिहायचं म्हटलं की हात थांबतो. पास व्हायला मुख्य विषयांत लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्हीकडे स्वतंत्रपणे ५० टक्के लागतात. वॉर्डात हुशार म्हणून नावाजलेली मुलगी लेखीत अडकते ती इथेच.

अशा मुलीला 'अभ्यास वाढव' सांगून उपयोग नाही, वाचायला ती बसतेच आहे. तिनं रोज एक प्रश्न पुस्तक मिटून इंग्रजीत लिहावा आणि कुणाकडून तरी तपासून घ्यावा. ट्यूटर मॅडमना वेळ नसेल तर वर्गातली एखादी मैत्रीणही चालेल. दोनतीन महिने नेमानं केलं की फरक दिसतो. आणि तिची मराठी ही कमतरता आहे असं तिला कुणी वाटू देऊ नये. गावाकडून आलेली आजी डॉक्टरांच्या राऊंडला गप्प बसते आणि नंतर हिच्याजवळ सांगते की रात्रभर छातीत भरून आल्यासारखं होत होतं. ते ऐकून लगेच सिस्टरांना कळवणारी विद्यार्थिनी त्या वॉर्डात फार मोलाची असते.

पुढची अडचण फार्माकॉलॉजी सुरू झालं की येते, ती म्हणजे डोसचं गणित. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे, सेटमधून एका मिलीला २० थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे साधारण ४२. गणित शाळेतलंच आहे. पण घरी शांतपणे सोडवणं वेगळं आणि पेशंटचा मुलगा शेजारी उभा असताना घड्याळाकडे बघत थेंब मोजणं वेगळं. गणिताची धास्ती असलेल्या मुलांनी अशी उदाहरणं रोज पाच-सहा सोडवावीत, आणि उत्तर आल्यावर दुसऱ्याकडून पडताळून घ्यायची सवय आत्तापासून लावावी. नोकरीतही जोखमीच्या औषधांचा डोस दोघींनी मिळून तपासायचा असतो, त्यात कमीपणा काही नाही.

हे सगळं मागे पडणं भरून निघणारं आहे. विषय राहिला तरी पुढच्या सेमिस्टरचे वर्ग करता येतात. मात्र पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेला बसण्याआधी मागचे सगळे विषय सुटलेले असावे लागतात, आणि चार वर्षांचा हा कोर्स जास्तीत जास्त आठ वर्षांत पुरा करावा लागतो. म्हणून राहिलेला विषय 'नंतर बघू' म्हणून साठवू नये.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच विद्यार्थ्यांची, आणि त्यांची नावं निकालात कधी दिसत नाहीत. सकाळी टीपीआर घ्यायला वॉर्डात जा. तापमान थर्मामीटर सांगतो, नाडी मनगटावर लागते, पण श्वास मात्र पेशंटच्या छातीकडे किंवा पोटाकडे बघत, त्याला कळू न देता, मिनिटभर मोजावे लागतात. वीस पेशंट असले की हे मिनिट जड वाटतं. मग चार्टवर ओळीनं सगळ्यांपुढे २० लिहिलं जातं, न मोजता. बहुतेक दिवशी काही बिघडत नाही. पण ज्याचे श्वास आदल्या दिवसापासून हळूहळू वाढत गेले, तो पेशंट अत्यवस्थ होणार याची पहिली खूण त्याच आकड्यात होती, आणि ती कुणी बघितलीच नाही. अशी मुलगी सगळ्या विषयांत पास असेल, तिचं जर्नलही देखणं असेल. तरी माझ्या मते वर्गात सगळ्यात मागे तीच आहे.

म्हणून या अभ्यासक्रमात निष्ठा कशात बघायची, हे पालकांनी नीट समजून घ्यावं. 'मला ही प्रोसिजर येत नाही, दाखवा' असं म्हणणारी, नाडी चुकल्यासारखी वाटली तर पुन्हा मोजणारी, औषध द्यायचं राहिलं तर ते लपवण्याऐवजी ताबडतोब सांगणारी मुलगी टिकते. दोन विषय राहिलेले असले तरी टिकते.

वर्गमित्रांचीही इथे जबाबदारी आहे. मागे पडलेल्या मैत्रिणीला रात्री बसवून प्रोसिजरच्या पायऱ्या म्हणून घ्या, तिचं उत्तर तपासा, पोस्टिंगला तिच्याबरोबर जा. पण तिचा चार्ट तुम्ही भरू नका आणि आपली केस तिला उतरवायला देऊ नका. तिनं न पाहिलेला पेशंट तिच्या जर्नलमध्ये आला, तर व्हायव्हा कदाचित निभावेल, नोकरी निभावणार नाही. न मोजता आकडे लिहिणारी कुणी दिसली तर आधी तिच्याशी बोला, आणि तरी थांबली नाही तर मॅडमना सांगा. हॉस्टेलमध्ये याला चुगली म्हणतात. म्हणोत. पेशंट तिथे आपल्या भरवशावर झोपलेला असतो.

कुणी हा कोर्स सोडूच नये असं मात्र मी म्हणणार नाही. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून घरच्यांनी इथे ढकललेली मुलं असतात. पहिला बेडपॅन, पहिली चिघळलेली जखम, डोळ्यांदेखत झालेला पहिला मृत्यू, यानं कुणीही हलतं. काहींना तर पहिल्या ड्रेसिंगला चक्कर येते आणि पुढे तीच ऑपरेशन थिएटरमध्ये उत्तम काम करतात. पण सहा-आठ महिन्यांनंतरही पेशंटला हात लावायची वेळ टळावी असंच वाटत असेल, तर त्या मुलाचं म्हणणं ऐका. पहिल्याच वर्षी बाहेर पडून आवडीचं शिकणं तिसऱ्या वर्षी मोडून पडण्यापेक्षा कितीतरी बरं.

कधी दोष मुलांचा नसतोच. संलग्न हॉस्पिटलात खाटा आहेत पण पेशंट नाहीत, अशा ठिकाणी हात बसणार कसा? नियमानं एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असायला हवेत. प्रवेश घेण्याआधी आताच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा, वॉर्ड भरलेले असतात का, आणि पोस्टिंगला ट्यूटर बरोबर असतात का.

राहता राहिली हजेरी, जी घरूनच सगळ्यात जास्त बिघडते. परीक्षेला बसायला लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रत्येक विभागातलं प्रात्यक्षिक १०० टक्के पुरं करावं लागतं. चुकलेली ड्यूटी सुट्टीत एकट्यानं भरून काढावी लागते, तेव्हा बाकीच्या मुली घरी गेलेल्या असतात. तेव्हा गौरी-गणपतीला चार दिवस जास्त रहा, मावसबहिणीच्या हळदीपासून ये, असा आग्रह धरण्याआधी तिचं पोस्टिंग कुठल्या वॉर्डात चालू आहे आणि किती दिवस उरले आहेत, एवढं विचारून घ्या.