जिप्सीला सामान लावण्याआधी थोडं ऐक

अगं, जुनी जिप्सी किंग घेतलीस, फार बरं केलंस. मारुतीने ती सामान्य ग्राहकांना विकणं केव्हाच थांबवलंय, त्यामुळे चांगली गाडी हाती लागणं आता सोपं नाही. तुझी यादीही वाचली. टपावर कॅरियर, पुढे मोठे दिवे, मागे लाकडी कप्पे, उंच जॅक, पाण्याचे कॅन. यातली एकही वस्तू टाकाऊ नाही. पण ताई म्हणून एक गोष्ट मनापासून सांगते. या गाडीचं खरं बळ तिच्या हलकेपणात आहे. अवघ्या 1.3 लिटरचं इंजिन, पण गाडी जेमतेम टनभर वजनाची. म्हणून तर जड गाड्या रुततात त्या चिखलातून ती लो गिअरमध्ये अलगद निघून येते. तो हलकेपणा आपल्याच हौसेने घालवू नकोस.

प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचार: वजन किती आणि ते बसणार कुठे? वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. उंच जॅक बारा-तेरा किलोचा. स्टेपनी आधीच मागच्या दारावर लटकलेली असते. त्यात पाण्याचे कॅनही मागे टांगलेस, तर पाटे बसतात आणि पुढची चाकं हलकी पडतात. चढावर स्टिअरिंग हवं तसं वळत नाही. म्हणून जड सामान खाली आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे ठेव. टपावर फक्त तंबू, चटया, अंथरुणं. गाडी आखूड आणि उंच आहे. आडव्या उतारावर टपावरचा प्रत्येक किलो तिला कलवतो.

आता कप्पे. मागची समोरासमोरची बाकं काढू नकोस. आसनांची संख्या आरसीवर असते. त्यांच्या मधल्या जागेत मावेल अशी पेटी करून घे. बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय घे आणि त्यावर आयएस 710 चा शिक्का बघून घे. कोपऱ्यांना अ‍ॅल्युमिनियमचा अँगल लाव. पेटी बोल्टने पक्की बसव, नुसती ठेवू नकोस. जोरात ब्रेक लागला की सुटा पान्हासुद्धा डोक्यात बसतो.

आणि हे नीट लक्षात ठेव: अडचणीत लागणारं सामान मागच्या पेटीत ठेवायचं नाही. गाडीची मागची बाजू दरडीला टेकली तर ते दार उघडतच नाही. टोइंग बेल्ट, शॅकल, हातमोजे आणि टॉर्च ड्रायव्हरच्या सीटमागे हवेत. अग्निशामक तर सीटवर बसल्या बसल्या हाताला लागला पाहिजे, तोही लोखंडी ब्रॅकेटमध्ये.

पेटी बसवायला शक्यतो चेसिसची किंवा सीटची आधीचीच भोकं वापर. नवं भोक पाडावंच लागलं, तर आधी गाडीखाली जाऊन पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि टाकी कुठे आहे ते पाहा. भोक पाडल्यावर कडा कानशीने घास आणि लोखंडाचा कीस ब्रशने पूर्ण झाडून काढ, कारण तोच आधी गंजतो. मग उघड्या पत्र्याला प्रायमर, तो वाळला की रंग. त्यानंतरच बोल्ट घाल, खालून मोठा वॉशर, नायलॉक नट आणि वर सीलंटचं बोट. कोकणच्या खाऱ्या हवेत एक उघडी कड दोन पावसाळ्यांत सगळी फ्लोअर खाते. फॅब्रिकेटर घाई करेल. तू तिथे उभी राहा.

दिव्यांचंही तसंच. शंभर वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर सतराएक अँपिअर करंट ओढतात. जुन्या डॅशबोर्डच्या स्विचमधून तो नेलास तर वायर तापून वितळेल. रिले हवाच, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा आणि पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवा. हे तीन नसतील तर दिवे बॉक्समध्येच राहू देत.

पुढे जाडजूड बुल बार लावायला कुणी सुचवलं तर नको म्हण. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलंय की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग ठरतात. पादचाऱ्याला ते जीवघेणे असतात, हे त्याहून मोठं कारण. शिवाय खासगी गाडीला पंधरा वर्षांनी नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावं लागतं. तेव्हा जे सहज उतरवता येईल तेच लाव.

पैसे कुठे आधी घालशील? टायर, ब्रेक, पाट्यांचे बुश आणि गंज, याच क्रमाने. मग अग्निशामक आणि पुढे-मागे चेसिसला धरलेले मजबूत हुक. कप्प्यांचं काम सर्वात शेवटी. तोवर प्लास्टिकचे क्रेट रॅचेट बेल्टने आवळून बांध आणि एक अख्खा पावसाळा फिर. कोणता क्रेट रोज उघडतेस आणि कोणता उघडतच नाहीस, ते वहीत लिहून ठेव. त्या वहीवरून सुताराला मापं दे.

सगळं लावून झालं की सामानासकट गाडी वजनकाट्यावर घे. रिकाम्या गाडीचं वजन आरसीवर आहेच. दोन्हींतला फरक बघ, पावती आरसीसोबत ठेव आणि पुढची वस्तू घेण्याआधी ती काढून वाच. एक नवीन आली की एक जुनी उतरव. हा नियम पाळलास तर ही गाडी तुला हवी तिथे नेईल आणि परतही आणेल.